बदलापूर-वांगणी-कर्जत पट्ट्यात तारे बघायला कुठे जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बदलापुरात राहतो आणि बरीच वर्षं जवळपासच्या गावांमध्ये आकाश बघायला जातोय. सोसायटीतले लोक, मुलांचे पालक, ऑफिसातले मित्र, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आमच्या गच्चीवरून काहीच दिसत नाही का? बाहेर जायलाच लागतं का?

दिसतं की. चंद्र, गुरू, शनी, शुक्र, मंगळ हे गच्चीवरूनही मस्त दिसतात, चंद्रग्रहण तर भर चौकातून दिसतं. हिवाळ्यात मृग नक्षत्र, व्याध, रोहिणी, कृत्तिकांचा पुंजका सहज ओळखता येतो. फक्त रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यात यायला नको, त्यासाठी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसा, एवढ्यानेही खूप फरक पडतो. गच्चीवरून जे दिसत नाही ते म्हणजे आकाशगंगेचा पट्टा, मृगातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकणारा ढग) नीट, देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दूरचा प्रचंड समूह), आणि मुख्य म्हणजे ते भरलेलं आकाश, ज्यात इतके तारे असतात की ओळखीचं नक्षत्रही पटकन सापडत नाही. त्यासाठी बाहेर पडायला लागतं. पण लांब नाही.

मग सगळ्यात जवळची बरी जागा कुठली?

वांगणी. बदलापूरच्या पुढचं स्टेशन. मुंबईचे आकाशप्रेमी किती तरी वर्षं तिथे येतायत, खगोल मंडळासारख्या संस्थांचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम याच वांगणी-नेरळ भागात होत आलेत, त्यामुळे गावातल्या लोकांनाही दुर्बिणी घेऊन येणाऱ्यांचं नवल राहिलेलं नाही.

वांगणी चालते त्याचं कारण नकाशा बघितला की कळतं. पश्चिमेला हाजीमलंग, चंदेरी ते माथेरान अशी डोंगराची रांग उभी आहे, तिच्या पलीकडे पनवेल आणि नवी मुंबई. डोंगर तिथले दिवे थेट दिसू देत नाही, वरचा उजेड मात्र येतोच, तो कुठलाच डोंगर अडवू शकत नाही. वायव्येला बदलापूर-अंबरनाथ-कल्याणचा नारिंगी-पांढरा उजेड दिसतो. पण पूर्वेला शेतं, जंगल आणि मग भीमाशंकरकडची सह्याद्रीची भिंत. म्हणजे अर्धं आकाश खराब आणि अर्धं चांगलं. इथे जागा निवडताना किती किलोमीटर लांब गेलो यापेक्षा शहर कुठल्या दिशेला राहिलं हे जास्त महत्त्वाचं आहे, हे मला कळायला दोन हिवाळे गेले. जे बघायचंय ते पूर्वेला किंवा डोक्यावर असताना बघा, शहर पाठीमागे ठेवा.

वांगणीत नक्की कुठे थांबायचं? लोकेशन पाठवाल का?

लोकेशन मुद्दाम देत नाही. ती कुणाची तरी शेती असते, आणि एकदा पिन फिरली की दहा गाड्या हेडलाइट लावून बांधावर चढतात, मग शेतकरी पुढच्या वेळी कुणालाच उभं करत नाही. स्टेशनपासून पूर्वेकडच्या गावांच्या रस्त्याला लागा, दिवसाउजेडी जा, भात कापून झालेलं मोकळं खाचर बघा आणि ज्याचं आहे त्याला विचारा. दादा, रात्री चार-पाच जण तारे बघायला बसू का, आवाज नाही, दारू नाही, कचरा परत नेऊ, इतकंच सांगायचं. आजपर्यंत मला नाही म्हणणारे फार कमी भेटले, उलट घरचे लोक स्वतःच येऊन बसतात. जमलं तर पिठलं-भाकरी त्यांच्याकडेच सांगा आणि पैसे व्यवस्थित द्या. गावच्या पोलीस पाटलांच्याही कानावर घालून ठेवलेलं चांगलं, रात्री दोनला कुणी हटकलं तर त्यांचं नाव सांगता येतं.

बारवी धरण, कोंडेश्वर, मुळगावचा खंडोबा इथे जमेल का?

बारवीला धरणाच्या भिंतीजवळ रात्री थांबायचा विचारच करू नका, पाणीपुरवठ्याचं धरण आहे आणि आजूबाजूला वनखात्याची हद्द आहे. बारवीवरून मुरबाडकडे जाणारा रस्ता काळोखा आहे पण अरुंद, कडेला गाडी लावून उभं राहणं धोक्याचं. कोंडेश्वर डोंगराच्या कुशीत आहे, आकाशाचा तुकडाच दिसतो. मुळगावच्या खंडोबाच्या टेकडीवरून क्षितिज छान मोकळं मिळतं, शहराचा उजेड भरपूर असला तरी पश्चिमेला मावळतीजवळचं काही बघायचं असेल तर उंचावरची जागाच लागते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्सुचिनशान-अॅटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला होता तेव्हा वांगणीचा उपयोग नव्हता कारण तिथे पश्चिमेला डोंगर आडवा येतो. मंदिराच्या जागी गेलात तर तिथल्या वेळा आणि शिस्त पाळा.

याहून काळोख हवा असेल तर?

दोन दिशा आहेत. एक कर्जतची. कर्जत-काशेळे-खांडस रस्त्याने भीमाशंकरच्या पायथ्याकडे जा, काशेळे सोडलं की उजेड झपाट्याने कमी होतो. पूर्वेची भिंत इथे अगदी जवळ आहे त्यामुळे उगवतीचा भाग थोडा जातो, तारे उशिरा वर येतात, पण डोक्यावरचं आकाश वांगणीपेक्षा सरळ सरळ काळं. अडचण अशी की या भागात फार्महाउस वाढलीत, शनिवारी रात्री डीजे आणि लॉनवरचे फ्लडलाइट असतात. सोमवार ते गुरुवार जमलं तर तोच रस्ता वेगळाच वाटतो.

दुसरी मुरबाडची, आणि मला विचाराल तर हीच खरी. कल्याणहून माळशेजच्या हायवेला लागायचं, मुरबाड मागे पडलं, टोकावडे गेलं की काळोख जाणवायला लागतो, वैशाखरे म्हणजे नाणेघाटाचा पायथा. इथे गावात सोय करून राहिलात तर अमावस्येच्या रात्री आकाशगंगा शोधायला लागत नाही, ती दिसतेच. पश्चिमेला क्षितिजाजवळ कल्याण-भिवंडीचा उजेड इथूनही दिसतो, पण बसका, छतासारखा डोक्यावर नसतो. घाट चढून वर माळशेजला गेलात तर उंची साधारण ७०० मीटर, खालचं धुरकट बरंच खाली राहतं आणि हवा स्वच्छ मिळते. कल्याणहून नव्वदेक किलोमीटर पडतात. घाटात रस्त्याकडेला थांबू नका, दरडी आणि ट्रक दोन्हीची भीती, वर गेल्यावर राहायची जागा घ्या आणि तिथले बाहेरचे दिवे घालवायची विनंती करा. मी दोनदा केली, दोन्ही वेळा त्यांनी घालवले.

भंडारदरा, हरिश्चंद्रगडाबद्दलही विचारतात. आकाश उत्तमच आहे पण तो एका रात्रीत जाऊन यायचा प्लॅन नाही, आणि गड अभयारण्यात येतो, मुक्कामाचे नियम आधी विचारून घ्या.

जागा चांगली आहे की नाही हे कसं ओळखायचं? नकाशावर बघून कळतं का?

प्रकाशप्रदूषणाचे नकाशे इंटरनेटवर आहेत, सुरुवात त्यांनीच करा. पण एक लक्षात ठेवा, हे नकाशे उपग्रहाने वरून टिपलेल्या उजेडावर बनतात आणि त्या उपग्रहाच्या कॅमेऱ्याला निळसर उजेड नीट दिसत नाही. आपल्याकडे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आलेत, त्यांच्यात निळा भाग जास्त, आणि निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. म्हणजे नकाशावर जागा आहे तशीच दिसते आणि प्रत्यक्ष आकाश आधीपेक्षा खराब झालेलं असतं. म्हणून जाऊन बघण्याला पर्याय नाही.

माझी चाचणी साधी आहे. नोव्हेंबरात रात्री आठच्या सुमाराला डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन येतो, पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदाचे तारे मिळून झालेला. त्या चौकोनाच्या आत किती तारे दिसतात ते मोजा. आमच्या गच्चीवरून एकही नाही. वांगणीला बऱ्या रात्री तीन-चार. दहाच्या वर गेलात तर जागा कुणाला सांगू नका, मला सांगा. हिवाळ्यात कृत्तिका मोजा, सहा तर दिसायलाच पाहिजेत. आणि उन्हाळ्यात सप्तर्षीतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती नुसत्या डोळ्यांनी वेगळी दिसते का ते बघा, लहान मुलांना हे करायला फार आवडतं.

कुठल्या रात्री जायचं?

हा प्रश्न कुठे जायचं याच्याही आधी विचारायला हवा. पौर्णिमेला माळशेजला गेलेल्या माणसापेक्षा अमावस्येला वांगणीला गेलेला माणूस जास्त तारे बघतो. आणि यासाठी अॅपसुद्धा लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. अमावस्येच्या आधीचे सात-आठ दिवस आणि नंतरचे चार दिवस धरा. शुद्ध चतुर्थीपर्यंत चंद्र नऊ-साडेनऊला मावळतो, त्यानंतर आकाश तुमचं. वद्य पक्षात चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास, म्हणजे त्यानंतरच्या तिथींना रात्रीचा पहिला अर्धा भाग पूर्ण काळोखाचा. संकष्टीला कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ छापलेलीच असते, लहान मुलांना घेऊन संध्याकाळी तास-दीड तास बघून चंद्र उगवायच्या वेळी उपास सोडायला घरी, असंही आम्ही केलंय.

सूर्य मावळल्यावर खरा काळोख व्हायला आपल्याकडे सव्वा तास लागतो, त्याच्या आत निराश होऊ नका.

दिवाळीची अमावस्या नको. फटाक्यांचा धूर आणि रोषणाई, दोन्ही. त्याच्या पुढची, कार्तिकातली अमावस्या वर्षातली सगळ्यात छान, मार्गशीर्षातलीही तशीच. महाशिवरात्रही चांगली, वद्य चतुर्दशी असल्यामुळे चंद्र पहाटे उगवतो, आणि आपल्याकडे त्या रात्री जागायची पद्धत आहेच.

महिना कुठला चांगला?

जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबरात पाऊस परतला की हवा धुऊन निघालेली असते, पण कधी कधी संध्याकाळी ढग गडगडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला हंगाम. उल्हास नदीच्या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीला पहाटे धुकं बसतं आणि दव इतकं पडतं की भिंगावर पाणी जमतं, त्यामुळे वांगणी-नेरळला मध्यरात्रीपर्यंतच उरकलेलं बरं. मार्चपासून शेतात राब भाजतात, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळतात, वणवे लागतात, वीटभट्ट्या चालू असतात, आकाश धुरकट होतं. तरी एप्रिल-मेमध्ये एखादा वळीव पडून गेला की दुसऱ्या रात्री आकाश काचेसारखं स्वच्छ असतं, त्या रात्री सगळं सोडून निघा.

आकाशगंगा कधी दिसते?

सगळ्यांना फोटोतली आकाशगंगा हवी असते, म्हणजे धनु-वृश्चिकाकडचा जाड पट्टा. तो जून-जुलैत रात्रभर वर असतो आणि तेव्हाच आपल्याकडे पाऊस, हे आपल्या भागाचं दुर्दैव आहे. मग दोन संधी उरतात. मार्च ते मे पहाटे, मेच्या सुरुवातीला तो साडेदहा-अकराला उगवून एक ते चार छान वर असतो. किंवा ऑक्टोबरात संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला नैऋत्येला, अंधार पडल्या पडल्या. डोळ्यांना तो राखाडी ढगासारखाच दिसतो, रंग कॅमेरात येतात. पहिल्यांदा बघणारे हमखास म्हणतात ढग आला वाटतं.

हिवाळ्यात मृगाच्या बाजूने जाणारा पट्टा फिका असतो, त्याला वैशाखऱ्याच्या पलीकडचा काळोख लागतो.

त्रिशंकू आणि अगस्ती आपल्याकडून दिसतात का?

हो! आणि याचा आपल्याला आनंद वाटायला हवा. आपण साधारण १९ अक्षांशावर, म्हणून ध्रुवतारा उत्तरेला क्षितिजापासून फक्त १९ अंश वर, पण त्या बदल्यात दक्षिणेचं आकाश भरपूर मिळतं. अगस्ती हा ठळक तारा फेब्रुवारीत रात्री नऊ-दहाला दक्षिणेला साधारण १८ अंशावर येतो, तो तर गच्चीवरूनही दिसेल. त्रिशंकूला, म्हणजे चार ताऱ्यांच्या दक्षिण क्रूसाला, मे महिना, रात्री नऊ-साडेनऊ, दक्षिणेला जेमतेम ११ अंश, म्हणजे हात लांब करून मूठ धरली की तिच्या थोडंसंच वर. दक्षिणेला डोंगर किंवा बिल्डिंग असेल तर गेलाच. जवळच ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा प्रचंड गोल गुच्छ आहे, बायनॉक्युलरमधून कापसाच्या गोळ्यासारखा.

उल्कावर्षावासाठी कुठला दिवस?

१३-१४ डिसेंबरची रात्र, मिथुनेतला उल्कावर्षाव. ऑगस्टचा प्रसिद्ध ययाती तारकासमूहातला वर्षाव पावसात जातो, सोडून द्या. बातम्यांत तासाला शंभरचे आकडे असतात ते आदर्श आकाशाचे, इथे तासाला पंधरा-वीस मोठ्या दिसल्या तरी रात्र सार्थकी लागली समजा. दुर्बीण नको, सतरंजी हवी.

टॉर्च, मोबाईल यांचं काय?

डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलचा स्क्रीन एकदा बघितला की ती सगळी मेहनत वाया. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद दोन-तीन घड्या करून रबरबँडने लावा, लाल उजेडाने डोळे कमी बिघडतात. अॅपमध्ये, म्हणजे स्टेलेरियममध्ये वगैरे, लाल मोड असतो. गाडीचा दरवाजा उघडला की आतला दिवा लागतो, तो आधीच बंद करून ठेवा, यावरून आमच्या ग्रुपात जितकी भांडणं झालीत तितकी कशावरूनच नाहीत. आणि फिकट गोष्ट थेट न बघता जराशी बाजूला नजर ठेवून बघा, डोळ्याच्या कडेला अंधारात बघणाऱ्या पेशी जास्त असतात. देवयानी दीर्घिका अशीच सापडते. २५ लाख प्रकाशवर्षांवरचा उजेड, आणि तो वांगणीच्या भातशेतात उभं राहून नुसत्या डोळ्यांनी.

टेलिस्कोप घेऊ का मुलासाठी?

पहिल्या वर्षी नको. १० बाय ५० चा किंवा ७ बाय ५० चा बायनॉक्युलर घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). गुरूचे चार चंद्र, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, चंद्रावरची विवरं, सगळं दिसतं. शनीची कडी मात्र टेलिस्कोपशिवाय नाही, ती एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमात दाखवून आणा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करतेय.

साप, बिबट्या यांची भीती वाटते.

वाटायलाच हवी थोडी. भातखाचरात उंदीर असतात म्हणून साप असतात, घोणस आणि मण्यार दोघंही रात्री फिरतात. बूट घालाच, चपला नकोत, गवतात हात घालायचा नाही, जमिनीवर थेट झोपायचं नाही, प्लास्टिकची ताडपत्री आणि त्यावर चटई. माळशेजच्या वर जुन्नर तालुक्यात बिबट्याचा वावर आहे, उसाच्या कडेला बसू नका, लहान मुलांना एकटं लांब सोडू नका. जवळचं सरकारी हॉस्पिटल कुठे आहे ते निघायच्या आधी बघून ठेवा.

घरातल्या सगळ्यांना, लहान मुलांना घेऊन जाता येईल का?

येईल, पण मोकळ्या माळावर नाही. बायकांना टॉयलेटची सोय लागते, हा विचार पुरुषांच्या ग्रुपात कुणी करत नाही आणि मग घरातल्या बाया पुढच्या वेळी येत नाहीत. गावातलं ओळखीचं घर किंवा साधं कृषी पर्यटन केंद्र घ्या. मुलं साडेदहाला झोपतात, त्यांचा कार्यक्रम आधी. पुरेसे स्वेटर घ्या, बदलापूरच्या पुढे जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते.

गाडी नाही, लोकलने जमतं का?

वांगणी, शेलू, नेरळ जमतं. परतीची शेवटची लोकल एम-इंडिकेटर अॅपवर आधीच बघा आणि तिच्या आधीची पकडायची असंच ठरवा. चुकली तर पहाटेपर्यंत अडकता. त्यापेक्षा रात्रभर राहायचंच ठरवून जा.

नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीला जाऊन तारे बघता येतात का?

नाही, तो रेडिओ टेलिस्कोप आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणारे रेडिओतरंग ऐकतात, डोळा लावून बघायचं तिथे काही नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमाराला लोकांसाठी प्रदर्शन असतं तेव्हा मुलांना नक्की न्या.

पेंच किंवा लडाखलाच जायला हवं का?

पेंचला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली, आपल्याच महाराष्ट्रात आहे, जंगल सफारीला गेलात तर एक रात्र त्यासाठी ठेवा. लडाखमधलं हानले तर वेगळीच गोष्ट. पण तिथे आयुष्यात एकदा जाल. वांगणी-मुरबाडला महिन्यातून एकदा जाता येतं, आणि आकाश ओळखीचं व्हायला ते पुन्हा पुन्हा बघायला लागतं.

आमच्या नेहमीच्या जागेशेजारी आता मोठा हॅलोजन लागलाय, काय करायचं?

आमच्याकडेही झालं. तीन वर्षं ज्या खाचरात बसायचो त्याच्या पलीकडे बंगला झाला आणि कंपाउंडवर सहा फ्लडलाइट, सगळे आडवे, अर्धा उजेड आकाशात. खूप वाईट वाटलं. मग एका शुक्रवारी त्यांच्या दारात जाऊन मालकांना म्हटलं काका, दहा मिनिटं दिवे घालवून बाहेर या, टेलिस्कोप लावलाय, शनी बघा. काकू आधी आल्या, मग काका, मग त्यांची नातवंडं. कडी बघून काकू बराच वेळ भिंगाला डोळा लावून उभ्या होत्या. मी कायमचे दिवे बंद करा असं म्हटलंच नाही, फक्त दाखवलं की दिवा खाली वळवला तर तोच उजेड कंपाउंडवर जास्त पडतो आणि कमी वॅटचा पिवळा दिवाही पुरतो. वर पत्र्याची टोपी लावली तर अजून चांगलं. पुढच्या महिन्यात गेलो तर सहापैकी चार खाली वळवलेले होते. उरलेले दोन गेटचे आहेत, ते आम्ही पोचलो की फोन करून सांगतो, काकू घालवतात.